सेकंडहँड फ्रिज धुतला की चार दिवस बरा, पाचव्या दिवशी परत वास: नेमकं कुठं बघायचं

सेकंडहँड फ्रिज आणला, आतून घासूनपुसून घेतला, तीन-चार दिवस सगळं छान आणि मग एका सकाळी दूध काढायला दार उघडलं की परत तोच वास, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. जुन्या फ्रिजला आणल्या आणल्या वास येणं यात विशेष काही नाही, तो एकदोनदा धुतला की जातो. पण जाऊन परत येणारा वास वेगळा. तो आतल्या भिंतीवर नसतो, कुठंतरी ओल साचून राहिलेली असते तिथून तो येतो, आणि ती जागा दार उघडून दिसत नाही. मी दीड महिना आतूनच पुसत राहिले म्हणून हे सांगतेय.

आधी माझं सांगते. मी लातूरला डबे करते, क्लासला आलेल्या पोरांचे, सोळा-सतरा डबे दोन्ही वेळचे. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की इथं रूम रिकाम्या व्हायला लागतात आणि कूलर, कॉट, टेबल, शेगडी, फ्रिज सगळं विकायला निघतं. मी घेतला तो जुलैत. एक कुटुंब पोरासाठी दोन वर्षं इथं राहून गावी परत गेलेलं, फ्रिज घरमालकाकडं ठेवून गेलेले, तो दोन महिने तसाच बंद, दार लावून. डबल डोअर, ७००० ला मिळाला, टेंपोचे ५०० वेगळे. बघायला गेले तेव्हा आत अर्धं कापलेलं लिंबू ठेवलेलं आणि काहीतरी सुगंधी मारलेलं होतं. मला वाटलं स्वच्छ माणसं दिसतात. आता सांगते, जुन्या फ्रिजमध्ये लिंबू, कॉफी पावडर नाहीतर अत्तराचा वास आला तर तिथंच थांबायचं आणि विचारायचं की हे कशासाठी ठेवलंय.

दोन महिने दार लावून बंद ठेवणं हेच मूळ कारण. फ्रिज चालू असताना आत गारवा असतो म्हणून जंतू आणि बुरशी हळूहळू वाढतात, थांबत तर तेव्हापण नाहीत, थंडीतपण वाढणारे जंतू असतातच. पण लाईट बंद केली, फ्रीझरमधला बर्फ वितळला, त्याचं पाणी आत राहिलं, वरून दार लावलं म्हणजे अंधार, ओल आणि उकाडा तिन्ही एकत्र. त्यात फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचा अर्धा डबा नाहीतर मटणाची पिशवी राहिलेली असंल तर ते वितळून जे पाणी होतं ते फटीफटीतून खाली उतरतं. फ्रिज बंद ठेवायचाच असेल तर रिकामा करून, कोरडा करून, दारात टॉवेलची घडी अडकवून उघडा ठेवायचा. घरात लहान लेकरं असतील तर दार इतकंपण उघडं नको की लेकरू आत जाऊन बसेल, मधे घडी ठेवून वरून दोरी बांधायची.

तर मी काय काय केलं ते सांगते, कारण सगळे हेच करतात. पहिल्या दिवशी भांड्याच्या साबणानं धुतला. चार दिवस बरा. मग खायच्या सोड्याची वाटी ठेवली, मग लिंबू, मग कॉफी, मग इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणून ठेवला. प्रत्येकानं दोन-तीन दिवस बरं वाटायचं. मळून ठेवलेल्या कणकेला वास लागायला लागला, एका पोरानं डबा परत केला, काकू पोळीला कसलातरी वास येतोय म्हणाला. त्या दिवशी मी सतरा डब्यांची कणीक टाकून दिली आणि सकाळी साडेचारला उठून ताजी मळली. ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांना कळेल हे काय असतं ते.

एक मेकॅनिक बोलावला. त्यानं दार उघडून हुंगलं आणि म्हणाला गॅस लीक आहे, भरावा लागेल, २८०० होतील. मी म्हटलं बर्फ तर चांगला जमतोय. गॅस लीक झाला असता तर आधी गारवा कमी झाला असता, मशीन थांबायचंच नाही, बर्फ नीट धरला नसता. आणि घरच्या फ्रिजमधल्या गॅसला कुजका वास नसतोच. जुन्या फ्रिजमध्ये आर १३४ ए असतो, नव्यांमध्ये बहुतेक आर ६०० ए, मागं कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, दोन्हीपैकी कशाचाही सडका, आंबूस, मेल्या उंदरासारखा वास येत नाही. म्हणून कुजका वास आणि गारवा चांगला असं असेल तर गॅस भरायला पैसे देऊ नका. करपल्यासारखा, वायर जळल्यासारखा वास मात्र वेगळा, तो आला तर तिथल्या तिथं प्लग काढायचा आणि जाणता माणूस बोलवायचा, त्यात घरगुती उपाय करायचे नाहीत.

मग बाजूच्या काकू एकदा दुपारी आल्या, फ्रिजचं दार बंद होतं, आणि दारातूनच म्हणाल्या, "काय वास येलालाय गं पोरी, उंदीर मेला का बघ की मागं." तेव्हा माझ्या डोक्यात आलं की अरे, दार बंद असताना वास बाहेर कसा काय येतोय. त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली, कधी वास आला, तेव्हा काय चालू होतं. आठ-दहा दिवसांत दिसायला लागलं. दुपारी मशीन जास्त वेळ चाललं की फ्रिजच्या मागं, खालच्या बाजूला वास. लाईट जाऊन आली की जास्त. आणि आतला वास वरच्या फ्रीझरमधून सुरू होतो आणि खाली येतो, भाज्यांच्या बॉक्सला शेवटी.

माझं सगळ्यांना हेच सांगणं आहे, आधी सोडा-लिंबू आणायला पळू नका, चार दिवस फक्त बघा की वास कधी येतो आणि कुठं जास्त आहे. बाहेर मागून येत असेल तर ट्रे. आत फ्रीझरच्या जाळीतून पंख्याबरोबर येत असेल तर ड्रेन, म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी खाली जायचं भोक आणि नळी. दार उघडताना पहिल्या सेकंदाला भपकन येऊन जात असेल तर दाराचं रबर. खालून, पायाजवळ येत असेल तर सिंगल डोअरचा खालचा कांदे-बटाट्याचा ड्रॉवर. दिवसभर सारखाच, कुठूनही हुंगलं तरी तेवढाच असेल तर ते अवघड, त्याचं शेवटी सांगते.

आता ट्रे म्हणजे काय, कारण मला स्वतःला माहीत नव्हतं की फ्रिजला मागं पाण्याचा ट्रे असतो. डबल डोअरच्या फ्रीझरमध्ये जी मागची प्लॅस्टिकची पट्टी दिसते त्याच्या मागं कॉइल असते, तिच्यावर बर्फ धरतो. तो बर्फ वितळवायला आत हीटर असतो, तो ठराविक वेळानं आपोआप चालू होतो, आपल्याला कळतपण नाही. वितळलेलं पाणी एका भोकातून, नळीतून खाली येतं आणि मागं कॉम्प्रेसरच्या वर एक काळा ट्रे असतो त्यात पडतं. कॉम्प्रेसर गरम असतो, त्या उष्णतेनं पाणी वाफ होऊन उडून जातं. सिंगल डोअरमध्ये आपण मधलं बटण दाबून बर्फ वितळवतो, पण पाणी शेवटी मागंच जातं. नुसतं बर्फाचं पाणी असेल तर ट्रेला काही होत नाही, ते पाणी स्वच्छच असतं. पण त्याच वाटेनं सांडलेलं दूध, आइस्क्रीम, मटणाचं पाणी खाली गेलं की ट्रेमध्ये ते आटून बसतं, वरून रोज नवीन पाणी पडतं, खालून शेगडीसारखी ऊब, म्हणजे दही लावायला जसं लागतं तसं सगळं तिथं आयतं मिळतं. आपण आतून कितीही पुसा, वास शिजतोय मागं.

माझ्या ट्रेमध्ये दुधाच्या साईसारखा जाड, काळपट थर होता आणि त्यात मेलेली झुरळं. नाकाला पदर लावूनपण उभं राहवत नव्हतं.

काढायची पद्धत सांगते. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा. फ्रिज सरळ पुढं ओढायचा, आडवा करायचा नाही, कॉम्प्रेसरमधलं ऑइल नळ्यांत जातं, चुकून आडवा झालाच तर उभा करून काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. कॉम्प्रेसर तापलेला असतो म्हणून अर्धा तास थांबायचं. मागं खाली पुठ्ठ्याचं नाहीतर पत्र्याचं कव्हर असतं, चार-सहा स्क्रू. आत काळा डबा म्हणजे कॉम्प्रेसर, त्याच्या डोक्यावर ट्रे. काही मॉडेलमध्ये तो क्लिपवर असतो, वर उचलला की येतो, काहींत स्क्रू असतो, काहींत निघतच नाही. निघत नसेल तर ओढाताण करायची नाही, आजूबाजूला तांब्याच्या बारीक नळ्या असतात, एक मुडपली की गॅस जातो आणि मग खरंच २८०० लागतात. आर ६०० ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, म्हणून तिथं काडी, लायटर, उदबत्ती काही नको, आणि फ्रीझरमधला बर्फ सुरीनं खरवडायची सवयपण सोडा, सुरीनं आतल्या नळीला भोक पडलं तर फ्रिजच गेला.

न निघणारा ट्रे जागेवर साफ करायला मेडिकलमधून मोठी सिरिंज आणायची, ५० एमएलची, सुई नको. तिनं घाण पाणी ओढून घ्यायचं, मग स्पंजनं पुसायचं, साबणाचं गरम पाणी थोडं थोडं टाकून परत ओढायचं. थर सुटला की ब्लीच, साधं बिनवासाचं, ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा एवढंच, दहा मिनिटं ठेवून ओढून काढायचं आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ब्लीच आणि व्हिनेगर, नाहीतर ब्लीच आणि लिंबू, किंवा ब्लीच आणि बाथरूमचं अ‍ॅसिड, हे एकत्र कधीच करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात जिवावर बेततं. आज ब्लीच वापरलं असेल तर व्हिनेगर उद्या, तेपण मधे पाण्यानं धुवून. आणि ब्लीच फक्त प्लॅस्टिकला, फ्रीझरच्या अ‍ॅल्युमिनियमला लावायचं नाही.

ट्रे साफ झाल्यावर बाहेरचा वास त्याच दिवशी गेला. आतला मात्र निम्माच गेला आणि सहाव्या दिवशी परत आला. मला रडायला आलं होतं. मग शेजारणीच्या ओळखीतले एक वयस्कर मेकॅनिक आले, आम्ही मामाच म्हणतो त्यांना. ते बसले, पाणी प्यायले, आणि पहिला प्रश्न, "ताई, आतून एवढं पुसलालाव, पाणी कुठून जातंय ते बघितलाव का?" फ्रीझरची मागची पट्टी त्यांनी उघडली. हे काम मी स्वतः करा म्हणून सांगणार नाही, मागं हीटरच्या, सेन्सरच्या वायरी असतात, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, पण त्याला नेमकं सांगा की ड्रेन साफ करून द्या. मामांनी ४०० घेतले. कॉइलच्या खाली पन्हाळीसारखं असतं आणि मधे भोक, ते भोक बुळबुळीत कशानंतरी भरलेलं होतं, पाणी थेंबथेंब जात होतं आणि बाकीचं तिथंच थांबून राहत होतं. वरून पंखा. म्हणजे दर वेळी पंखा चालू झाला की त्या साचलेल्या पाण्यावरची हवा दोन्ही कप्प्यांत फिरणार.

भोकातून नळी साफ करायला मामांकडं जी तार होती ती वाकत नव्हती. आमचे भाऊजी त्या दिवशी औशाहून आलेले, ते म्हणाले थांबा वहिनी, आणि गाडीच्या डिकीतून ठिबकची मायक्रोट्यूब काढली, हातभर. शेतात झाडाच्या बुडाला जी बारीक काळी नळी सोडतात ती. बरोबर बसली, वाकतेपण आणि मोडतपण नाही. सिरिंजच्या तोंडाला तीच नळी बसवून कोमट पाण्यात खायचा सोडा, ग्लासभर पाण्याला चमचाभर, असं दाबत गेलो. उकळतं पाणी नाही वापरायचं, आतली नळी प्लॅस्टिकची असते. आधी काहीच नाही, मग एकदम शेवाळासारखे काळे दोरे खाली ट्रेमध्ये पडले. सात-आठ सिरिंज झाल्यावर स्वच्छ पाणी यायला लागलं. खालच्या टोकाला काही फ्रिजमध्ये रबराची चोच असते, झुरळ आत जाऊ नये म्हणून, तिच्यात गाळ अडकतो, तीपण दाबून धुवायची.

ज्यांचा सिंगल डोअर आहे त्यांचं सोपं आहे, बऱ्याच मॉडेलमध्ये आत मागच्या भिंतीवर खाली नाहीतर चिलर ट्रेच्या मागं पन्हाळी आणि भोक दिसतं, पट्टी काढायची गरजच नाही. ठिबकची नळी नसेल तर सलाईनची स्वच्छ नळीपण चालते.

पाण्यावरून आठवलं, काही जण फ्रिजमध्ये नळी लावून पाणी सोडतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं गाव, आमच्या हाताला तसं पाणी सोडणं जमतच नाही, आणि ते करूपण नये. फ्रिजच्या भिंतीत फोम भरलेला असतो, स्क्रूच्या भोकातून, बल्बच्या होल्डरमधून, तड्यातून पाणी फोममध्ये गेलं की ते वाळत नाही. एक बादली, दोन फडकी, ओलं पिळून पुसायचं, लगेच कोरड्यानं पुसायचं, एवढ्यात सगळा फ्रिज होतो.

आता दाराचं रबर. त्याच्या घड्या असतात, बोटानं उलट्या केल्या की आत काळं दिसतं, ती बुरशी. जुन्या टूथब्रशनं सोड्याच्या पाण्यानं घासायचं, मग कोरडं करून व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून पुसायचं. रबर कुठं ढिलं असेल तर दार नीट लागत नाही, बाहेरची गरम हवा आत जाते, पाणी सुटतं, पाणी सुटलं की परत बुरशी. तपासायला दारात कागद धरून दार लावायचं आणि ओढायचा, सहज निघाला तर तिथं रबर धरत नाही. चारी बाजूंनी बघायचं. थोडं वाकलेलं असेल तर प्लग काढून गरम पाण्याचं फडकं धरून सरळ होतं, फाटलं असेल तर बदलावंच लागतं. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा ढिल्या रबराचा फ्रिज दिवसभर थांबतच नाही.

आतल्या काचेच्या शेल्फला जी प्लॅस्टिकची किनार असते ती ओढून काढा, तिच्या खाचेत दूध गेलेलं असतं. ते वरून कधीच दिसत नाही. भाज्यांच्या बॉक्सच्या खालची जागा, अंड्यांच्या ट्रेच्या मागची जागा, सगळं सुटं करून धुवा, तासभर उन्हात ठेवा. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर ठेवू नका, प्लॅस्टिक तडकतं. सिंगल डोअरच्या खालच्या ड्रॉवरला गारवा नसतो, त्यात एखादा बटाटा मागं घरंगळून सडला तर त्याचा वास मेलेल्या जनावरासारखा येतो आणि माणसं फ्रिज रिकामा करून शोधत बसतात. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागं बॅटरी मारून बघा. मेलेली पाल, उंदीरपण तिथंच सापडतो, ऊब असते म्हणून ते कॉम्प्रेसरजवळ येतात.

सोडा की व्हिनेगर, हे सगळे विचारतात. दोन्ही एकत्र करून फेस आणतात ते काही कामाचं नाही, फेस दिसायला छान दिसतो पण एक आम्ल आणि एक आम्लाला मारणारं, दोघं एकमेकांनाच संपवतात. वास कशाचा आहे त्यावर ठरवायचं. नासलेलं दूध, आंबलेलं दही, ताक, यांचा वास आम्लाचा, त्याला सोडा, लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. सुकट, बोंबील, मासे, मटण यांचा वास उलट, तो आम्लानं मरतो, त्याला व्हिनेगर नाहीतर लिंबाचं पाणी, म्हणूनच माशाला आपण लिंबू चोळतो. लसूण, कांदा, सडलेलं अंडं यांच्यात गंधकाचा वास, त्याला दोन्हीचा फार उपयोग नाही, तिथं कोळसा आणि मोकळी हवा. कोळसा इस्त्रीचापण थोडं काम करतो, पण माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानात जो काळा दाणेदार कोळसा मिळतो, अ‍ॅक्टिव्हेटेड म्हणतात त्याला, तो पुष्कळ जास्त वास ओढतो. वाटीत नाही, ताटात पसरून ठेवायचा, जेवढा उघडा तेवढा वास धरतो. सोड्याचंपण तसंच, पुडा फोडून कोपऱ्यात ठेवला तर वरचाच थर काम करतो. पण हे सगळं उगम साफ झाल्यावर, आधी नाही.

फिनाइल आणि डांबरगोळ्या फ्रिजमध्ये घालू नका, कोणी सांगितलं तरी. प्लॅस्टिक तो वास पिऊन घेतं आणि मग महिनोन् महिने दुधाला फिनाइलचा वास. डांबरगोळ्या तर खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवायच्याच नसतात. कापूर, उदबत्तीपण नको.

सगळं झालं की फ्रिज बंद ठेवून, दार उघडं टाकून २४ तास वाळवायचा, आत रद्दी चुरगाळून ठेवायची, ती ओल ओढते. बर्फाच्या ट्रेमधला पहिला बर्फ फेकून द्यायचा, बर्फ वास धरून ठेवतो आणि सरबतात घातला की कळतं.

आता ते अवघड सांगते. माझी नणंद परभणीला असते, तिनं सिंगल डोअर घेतलेला. तिनं ट्रे, ड्रेन, रबर, ड्रॉवर सगळं केलं, मी स्वतः जाऊन बघून आले, तरी वास. त्याच्या आत खालच्या बाजूला बोटभर तडा होता आणि त्यावर कोणीतरी पांढरी टेप लावलेली. टेप काढली तर आतला फोम पिवळट, ओला. वर्षानुवर्षं सांडलेलं त्यात मुरलेलं. फोम ओला झाला की तो धुता येत नाही आणि वाळतपण नाही. ओळखायचं असं, फ्रिज पूर्ण साफ करून तीन दिवस बंद आणि उघडा वाळवा, मग रिकामाच दार लावून रात्रभर ठेवा, लाईट नाही, सामान नाही, आणि सकाळी एक एक कोपरा नाक लावून हुंगा. एका ठरावीक स्क्रूच्या भोकाजवळ, तड्याजवळ वास दाट असेल, तळाची भिंत दाबली की मऊ लागत असेल, पावसाळा नसतानापण बाहेरून एकाच जागी पाणी सुटत असेल तर फोममध्ये पाणी आहे. वरून सिलिकॉन लावून वास थोडा दाबता येतो, जात नाही. नणंदेला मी स्पष्ट सांगितलं की वन्सं, यात आता पैसे घालू नका, आणि दुसऱ्या कोणाला फसवून विकूपण नका, भंगारात द्या. तिला वाईट वाटलं, ४००० गेले होते तिचे. पण लेकरांचं दूध त्यात ठेवायचं होतं.

म्हणून घेतानाच बघायचं. चालू फ्रिज बघायला मागायचा, बंद नाही. आत हात फिरवून टेप, सिलिकॉन, तडा शोधायचा. मागचं कव्हर उघडता आलं तर ट्रे बघायचा, नाहीतर मोबाईलची बॅटरी जाळीतून मारायची. किती दिवस बंद होता आणि दार लावलेलं होतं का, हे विचारायचं. विकणाऱ्याला राग येत असेल तर येऊ द्या.

लाईटचं एक राहिलं. लाईट गेली की दार उघडून बघत बसू नका, बंद ठेवलं तर साधारण ४ तास आतलं टिकतं, त्यानंतर दूध, मटण, शिजवलेला भात यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि लाईट बराच वेळ गेलेली असेल तर आल्यावर ट्रे बघायचा, कारण फ्रीझरचा सगळा बर्फ एकदम वितळून तिथंच आलेला असतो, ट्रे भरून बाहेर सांडतो आणि ते पाणी फ्रिजखाली राहतं. मला सुरुवातीला लाईट आल्यावर वास जास्त यायचा तो यानंच. चालू असताना आतलं तापमान ४ डिग्रीच्या आसपास पाहिजे, एक साधा थर्मामीटर, तापाचा नाही, ग्लासभर पाण्यात बुडवून रात्रभर आत ठेवला की कळतं. मागं भिंतीपासून चार बोटं तरी जागा सोडा.

मी आता महिन्यातून एकदा ट्रे काढते, गॅसची टाकी बदलते त्याच दिवशी, म्हणजे विसरत नाही. ठेचा, लसणाची चटणी, येसर हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, कणीक स्टीलच्या डब्यात. आणि खरंच वास गेला का हे बघायला मामांनी जे सांगितलं तेच करते, रात्री वाटीभर ताजं म्हशीचं दूध उघडं ठेवायचं, वर काही झाकायचं नाही. दुधातली चरबी आजूबाजूचा वास धरते, नाकाला जे कळत नाही ते दुधाला कळतं. सकाळी ते कोमट करून हुंगायचं. पहिल्या वेळी ड्रेन साफ केल्यावर तिसऱ्या दिवशी ठेवलं तर अगदी बारीक वास होता, मग रबराच्या वरच्या घडीत बुरशी राहिलेली सापडली. ती काढली आणि दहा दिवसांनी परत ठेवलं. सकाळी साडेचारला लाईट लावून वाटी काढली, गरम केली, दोनदा हुंगली, मग पोराला उठवून त्याच्या नाकाला लावली. तो झोपेतच म्हणाला दूध आहे की, आणि पिऊन टाकलं.